खंडेनवमीला धुतलेलं मशीन

रिमोटची दांडी सोडली की मशीन जागच्या जागी उभं राहायचं. आठ दिवसांपासून ते वीतभर पुढं जाऊन थांबू लागलं होतं. काल चांगली दोन पावलं गेलं, आणि सुवर्णानं आधी मागं वळून पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना.

वडगाव रासाईच्या डाळिंबाच्या बागेत गवत कापायला तिच्या नवऱ्यानं, माऊलीनं, हे रिमोटवर चालणारं मशीन आणलं होतं. मग सांगायचं त्यालाच ना? पण सांगणार कुठल्या तोंडानं! खंडेनवमीला सगळी अवजारं धुऊन पुजतात, तसं हेही तिनंच धुतलं होतं. "नुसतं ओल्या फडक्यानं पूस," माऊलीनं बजावलं होतं. हिनं लावली फवारणीच्या पंपाची गन! असं लख्ख केलं, की सासूबाईंनी, रंगुबाईंनी, त्याची दृष्ट काढली. वर हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळाचं पाणी. आता बिघडलं म्हटलं, की माऊली पहिलं विचारणार, पाणी कुणी मारलं? म्हणून बाई आठ दिवस गप्प. वाळेल म्हणे उन्हानं!

आज सकाळी तिनं दांडी सोडली आणि मशीन थांबलंच नाही.

तिनं मशीन बंद करायचं लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. अंगठा दुखेस्तोवर दाबलं. मशीन आपलं गवत उडवत सरळ चाललेलं, आणि त्याच ओळीत पुढं रंगुबाई पाठमोऱ्या बसून शेळीला गवत कापत होत्या. कानाशी ओरडल्याशिवाय त्यांना काही ऐकू येत नसे.

"आत्या! ओ आत्या, उठा की!"

रंगुबाईंनी गवताची मूठ पाटीत टाकली आणि पुढची धरली.

सुवर्णानं रिमोट फेकला आणि धावत सुटली. देवा, माझ्या पापाची शिक्षा म्हातारीला नको रे! मशीनला वळसा घालून तिनं सासूचा दंड धरला आणि असा हिसका दिला, की दोघी डाळिंबाच्या आळ्यात आडव्या झाल्या. मागं पाटीचा चुरा उडाला. रंगुबाईंच्या हातातून सुटलेला विळा पात्यात अडकला, खण्णकन आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं.

माऊली विहिरीवरून पळत आला. त्यानं मशीनवरचा वायरींचा डबा उघडला, तर आतून लाल पाणी ओघळलं. सुवर्णा किंचाळलीच. मग तिला कळलं, ते कुंकू होतं.

माऊलीनं पाण्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

रंगुबाईंनी मात्र हात जोडले. "मनापासनं पूजा केलतीस गं पोरी," त्या म्हणाल्या. "म्हनून वाचले म्या."

सुवर्णाला हुंदका आवरेना. "आत्या, मीच पानी मारलं हुतं त्यात. आठ दिस झालं, मला ठावं हुतं."

"काय म्हंतीस?" रंगुबाईंनी कान पुढं केला.

शेजारच्या वावरातली माणसं बांधावर गोळा झाली होती. सुवर्णानं सासूच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं पुन्हा मोठ्यानं ओरडून सांगितलं.