यमुताईंच्या नावावरची आठवण

लिहून पोट भरतं का, असं कोणी विचारलं की ऋषी छाती पुढे काढून 'भरतं' म्हणायचा. कसं भरतं ते मात्र सांगायचा नाही. स्वतःच्या नावानं त्यानं उभ्या जन्मात लिहिली ती एक कादंबरी, आणि तिच्या उरलेल्या प्रती धरमपेठेतल्या भाड्याच्या घरात दिवाणाखाली धूळ खात पडलेल्या. बाकीचं सगळं लिखाण दुसऱ्यांच्या नावावर. लग्नाची मंगलाष्टकं लिहिली, पुढाऱ्यांची भाषणं लिहिली, मोबाइलवर ऐकायच्या मालिकांचे भाग पाडले, मसाल्याच्या पाकिटांवरचा मजकूरसुद्धा लिहिला. मग सांगाल ते लिहून देणारं एआयचं मशीन आलं आणि मालिकांचे भाग चुटकीसरशी लिहू लागलं. मंगलाष्टकं तर नवरदेवाचा भाऊ मांडवात उभ्याउभ्या मोबाइलवरून काढायला लागला. ऋषीच्या हाती एकच काम उरलं, गौरवग्रंथांचं.

गौरवग्रंथ हा मोठा गमतीचा प्रकार आहे. एखाद्या बड्या माणसाची पंच्याहत्तरी आली की समिती बसते, आणि जाडजूड चकचकीत पुस्तक निघतं. त्यात बालमित्रांच्या, शिष्यांच्या, विरोधकांच्या, झालंच तर गाडीच्या ड्रायव्हरच्याही आठवणी असतात. चाळणाऱ्याला वाटतं, केवढा गोतावळा जोडला या माणसानं! लिहिणारा असतो एकटा. ज्याच्या नावावर आठवण छापायची त्याचा फोटो घ्यायचा, मजकूर त्याला दाखवायचा, खाली सही घ्यायची, की झालं. ऋषीचा यात हातखंडा होता. प्रत्येक आठवणीत घरातली एक वस्तू हवी, थोडं हवापाणी हवं आणि उत्सवमूर्तीच्या तोंडचं एक साधं वाक्य हवं, असा त्याचा नेम. ड्रायव्हरची आठवण वाचली की ड्रायव्हरच बोलतोय असं वाटावं, अशी त्याची लेखणी. एवढी लेखणी असून माणूस काय करत होता, तर हे करत होता.

या खेपेला पंच्याहत्तरी भाऊसाहेबांची होती. भाऊसाहेब म्हणजे शहरात आणि आजूबाजूला शाळाच शाळा काढलेले संस्थाचालक. समितीचं सगळं त्यांचा पुतण्या जितेंद्र बघायचा. ग्रंथ होत आला, आणि जितेंद्रनं बोट ठेवलं.

"सर, यमुताई राहिल्या नं."

"यमुताईंचं कशाला? त्यांना बरं नसतं," ऋषी म्हणाला.

"तेच म्हणून राहिलो मी. संस्थेतल्या सगळ्यात जुन्या बाई त्या. त्यांचं नाव नाही दिसलं तर लोक म्हणतीन, काहून नाही? भाऊसाहेबांले दुसरं काही नको, पण यमुताईचं एक पान पाहिजे बा. तुमच्या बाई आहेत नं त्या? मग तुम्हाले काय जड आहे! हे झालं की संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाचं सगळं लेखन तुमच्याचकडे. नाही झालं तर मंग मले दुसरा पाहा लागते."

यमुताई ऋषीच्या मराठीच्या बाई. हा पोरगा लिहून पोट भरेल, असं त्याच्या आईला शाळेच्या व्हरांड्यात सांगणाऱ्या त्याच. आणि भाऊसाहेबांनी यमुताईंचं काय केलं, हे ऋषीइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. बाईंचे यजमान अनंतराव परीक्षेच्या दिवसांत अचानक गेले. घरात अजून अस्थी होत्या, आणि संस्थेचा शिपाई दारात मेमो घेऊन उभा. परीक्षेच्या कामावर गैरहजर का राहिलात, खुलासा करा. बाईंनी खुलासा केला नाही. म्हणून त्यांना शहराबाहेर, हिंगण्याच्या पलीकडच्या शाखेत टाकलं, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच कुजवलं. कारखान्यांच्या पाळ्यांच्या गर्दीत बसला लोंबकळत बाई रोज जायच्या, पण भाऊसाहेबांच्या दारात विनवणीला गेल्या नाहीत. मूलबाळ नाही, नवरा नाही. बाईंचा ताठ कणा काय तो होता, आणि तो त्या रागावर उभा होता.

रात्रीच्या जेवणाला ऋषीनं हे बायकोला, मुग्धाला सांगितलं. मुग्धा धंतोलीतल्या एका दवाखान्यात बिलांच्या खिडकीवर बसायची. घर तिच्या पगारावर चालायचं आणि ती हे कधी बोलून दाखवायची नाही, त्यामुळे ऋषीला ते जास्तच लागायचं.

"नाही म्हणून दे," ती म्हणाली.

"आणि मग काय करू?"

तिनं नुसतं त्याच्या ताटात वरण वाढलं.

यमुताईंचं घर धंतोलीतच, दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत. बाहेरच्या दोन खोल्या त्या पेशंटच्या नातेवाइकांना द्यायच्या, म्हणून फाटकावर कायम गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कोणाची तरी लुगडी, धोतरं वाळत असायची. मेच्या उन्हात ऋषी पोचला तेव्हा कौशल्या कूलरमध्ये पाणी भरत होती. मागल्या वर्षी बाईंना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ही कौशल्या त्यांचं सगळं करायची. बाईंची आठवण आताशा दगा द्यायची. सकाळी जेवल्या का ते दुपारी आठवायचं नाही. जुनं मात्र पक्कं होतं, निदान ऋषीला तसं वाटायचं.

त्यानं भाऊसाहेबांचं नाव नुसतं काढलं. बाई पलंगावर उठून बसल्या.

"तो माणूस! माझ्या घरात अस्थी होत्या रे, ऋषी. शिपायाला लाज वाटत होती, कागद देताना तो वर बघत नव्हता. त्या माणसाचं नाव नको काढूस माझ्या घरात."

ऋषीला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. या शहरात एक तरी माणूस असं आहे जे विकत मिळत नाही. तो पन्हं पिऊन परत आला. त्याच संध्याकाळी जितेंद्रचा तगाद्याचा फोन आला, आणि ऋषीनं लिहायला घेतलं.

हाताला सवय असली की हात थांबत नाही. अनंतराव गेले त्या दिवशी सगळ्यांत आधी भाऊसाहेब स्कूटरवर आले, असं त्यानं लिहिलं. थर्मासमध्ये चहा घेऊन आले. थंडी संपत आलेली होती. पायरीवर बसून राहिले, कोणाशी बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, 'ताई, शाळा आम्ही पाहतो, तुम्ही स्वतःला सांभाळा.' सगळं 'मी' म्हणून, बाईंच्या भाषेत, त्यांच्या आखूड वाक्यांत. लिहून झाल्यावर त्यानं वाचलं आणि पान उपडं ठेवलं, कारण ते उत्तम उतरलं होतं. कादंबरीत एक पानही असं उतरलं नव्हतं.

बाईंच्या समोर बसून वाचायची त्याची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं छापलेलं पान फाटकाशीच कौशल्याच्या हातात दिलं. "बाईंना सवडीनं वाचून दाखवा. पटलं तर खाली सही घेऊन ठेवा." कौशल्या दहावी शिकलेली, वाचायची छान. मनातून त्याला खात्री होती की बाई ते पान फाडतील. फाडावंच, असा तो रस्ताभर देवाला विनवत होता. बाईंनी फाडलं म्हणजे आपल्यावर पाप नाही. जितेंद्रला सांगता येईल, मी लिहिलं होतं बाबा, त्या नाही म्हणाल्या. असा हा शूर लेखक. स्वतःचा नकारसुद्धा त्याला आजारी म्हातारीकडून उसना हवा होता.

आठवडा उलटला तरी निरोप नाही. इकडे छपाई अडलेली. शेवटी ऋषी गेला. कौशल्यानं त्याला दारातच थांबवलं.

"भाऊ, काय जादू केली तुम्ही त्या कागदात? पयल्या दिवशी वाचला तर बाईनं फेकूनच देल्ला. मले म्हणे, खोटं आहे सगळं. इतक्या चिडल्या, मले वाटलं पुन्हा झटका येते का काय. दुसऱ्या दिवशी मंग सोताच म्हणे, काय होतं गं ते, वाच बरं. मंग रडल्या. आता रोज वाचाले लावतात, दोनदोनदा. आणि भाऊ, झोप लागून राहिली त्याईले! आधी रातभर बडबड करे, शिपाई आला, शिपाई आला. ते बंद झालं पहा."

ऋषी आत जाऊन खुर्चीवर बसला. बाईंचा चेहरा सैल झाला होता, कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. कोणालाही पाहून आनंद वाटला असता.

"ये रे. छान लिहून घेतलंस माझ्याकडून," बाई म्हणाल्या. "पण घाईत काही राहिलं बघ. भाऊसाहेबांनी स्कूटर आत नव्हती आणली. फाटकाबाहेरच बंद केली, आवाज नको म्हणून. आणि चहात आलं होतं. मी घेत नव्हते, तर म्हणाले, ताई, दोन घोट तरी घ्या. अनंतरावांच्या पायात मोजे तसेच होते. कोणाच्या लक्षात आलं नाही. ते भाऊसाहेबांनी काढले. स्वतःच्या हातानं."

ऋषीनं मोजे लिहिले नव्हते. आलंही लिहिलं नव्हतं. ते बाईंनी आपल्या मनातून घातलं होतं. त्या सकाळी कोणीतरी यावं, चहा द्यावा, नवऱ्याच्या पायातले मोजे काढावेत, असं त्यांना किती वर्षं वाटत राहिलं असेल, कोण जाणे. ऋषीला रडू आलं. त्याला वाटलं, उठून पळून जावं. आणि आयुष्यात कधी नव्हे ते त्यानं तोंड उघडलं.

"बाई, ते खोटं आहे."

"काय खोटं आहे?"

"भाऊसाहेब आले नव्हते. मी लिहिलं ते. माझ्या मनानं, पुस्तकासाठी. त्यांनी शिपाई पाठवला होता, बाई. मेमो घेऊन. घरात अस्थी होत्या. तुम्हीच सांगत आलात मला, आत्ता मागच्या आठवड्यातसुद्धा. तुम्हाला हिंगण्याला टाकलं त्यांनी. आठवा ना, बाई."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांच्या कपाळावर त्या जुन्या आठ्या परत आल्या. नाकपुड्या फुलल्या. ऋषीचा जीव भांड्यात पडला. त्याला वाटलं, आल्या, आपल्या बाई परत आल्या.

"लाज नाही वाटत तुला?" बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "माझा नवरा गेला तेव्हा तू होतास का तिथे? होतास का? माझ्या दारात एक माणूस आला त्या दिवशी. एक. तोही तू काढून घ्यायला आलास?"

"बाई, मी—"

"एक अक्षर बोलू नकोस. काय वाकडं केलंय भाऊसाहेबांनी तुझं? एवढा मोठा माणूस, आणि तू त्याच्यावर मेमोचं किटाळ घेतोस. पोट भरायला काहीही लिहितोस काय रे? मी तुला हे शिकवलं?"

एवढ्या वर्षांचा तो सगळा राग, खरं तर भाऊसाहेबांच्या वाट्याचा, ऋषीच्या अंगावर येत होता आणि तो खाली मान घालून ऐकत होता. कौशल्या दारात येऊन उभी राहिली. तिनं डोळ्यांनीच त्याला खुणावलं, गप बसा, बाईची तब्येत पहा.

बाईंना धाप लागली. थोड्या वेळानं त्या निवल्या. उशीजवळचं ते पान त्यांनी चाचपडून काढलं. रोज हाताळून ते मऊ पडलं होतं.

"कौशल्या, पेन दे गं."

ऋषीनं हात पुढे केला, थांबवायला. पण बाईंचा हात धरला नाही. धरता आला असता. एका हाताच्या अंतरावर बाई होत्या, पान होतं, आणि पेन अजून उघडायचं होतं. बाईंनी चष्मा नीट केला, मांडीवर घेतलेल्या पाटावर पान ठेवलं आणि झटक्यानंतर आता कुठे वळायला लागलेल्या त्या बोटांनी सावकाश, एकेक अक्षर दाबून, पूर्ण नाव लिहिलं. अनंतरावांच्या नावासकट.

"घे. आणि तुझ्या मनचं काही घालायचं नाही यात," त्या म्हणाल्या. "भाऊसाहेबांना स्वतः नेऊन दे. त्यांना सांग, यमुना उपकार विसरलेली नाही."

ऋषीनं पान घेतलं, घडी पडणार नाही असं फायलीत ठेवलं, आणि सवयीनं विचारलं, "बाई, फोटो कोणता टाकायचा?"