शून्याजवळची थंडी

“मॅडम, विषय बदला.” प्राचार्य काकासाहेबांनी सत्यशीलाचा रजेचा अर्ज तिच्याकडे परत सरकवला. “इथं परतूरला ऊन डोकं फोडून राह्यलं, अन् तुम्ही थंडी शोधून राह्यल्या. मातीवर करा, पाण्यावर करा. पगारी रजा बराबर देतो.”

सत्यशीला त्यांच्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. पीएच.डी.साठी तिने अतिथंड अणूंचं मिश्रण घेतलं होतं. त्यातले बोसॉन जातीचे अणू थंडीत एकाच अवस्थेत गर्दी करतात. फर्मिऑन जातीचे आपल्या अवस्थेत दुसऱ्याला येऊच देत नाहीत. उष्णता जवळपास संपलेली असते, तरी दोघांनी एकमेकांना ढकलण्याचा जोर वाढत गेला की एका टप्प्यावर ते एकजीव मिश्रण अचानक फुटून वेगळं होतं. तो टप्पा तिला गणिताने काढायचा होता.

“उपयोग काय त्याचा इथं?”

“काहीच न्हाई, सर.”

“मंग?”

“मंग बिनपगारी रजा द्या.”

घरी तिचे वडील तातेराव म्हणाले, “घे की मातीचा इषय. डिग्री ती डिग्रीच.”

“आबा, मी सायन्स घेतलं तवा भावकी काय म्हनली होती?”

“डी.एड. करू दे म्हनली.”

“तुम्ही ऐकलं का?”

तातेराव उठून चहा ठेवायला गेले.

तिने औरंगाबादला खोली घेतली. वीज गेली की संगणकावरचं गणित अर्ध्यात मरायचं. ती पुन्हा पहिल्यापासून लावायची. उत्तर हाती येतंय असं वाटत असतानाच परदेशातल्या एका गटाने ते छापलं. गाइड म्हणाले, आता दुसरं काही पाहा. ती आठवडाभर त्या परदेशी गटाचा शोधनिबंध वाचत बसली. त्यांनी अणू सगळीकडे सारखे पसरलेले धरले होते. प्रयोगात मात्र ते चुंबकाच्या सापळ्यात असतात, मधे दाट, कडेला विरळ. मग मिश्रण आधी कुठे फुटतं? तिने तिथून नव्याने सुरुवात केली, आणि पदवी घेऊनच परतली.

बिनपगारी रजेत तिची ज्येष्ठता गेली होती. विभागप्रमुखाच्या खुर्चीत तिच्यानंतर लागलेला धर्मराज बसला होता. तिला पाहून तो गडबडीने उठला.

“मॅडम, तुम्ही बसा. खरं तर ही तुमचीच...”

“बसा सर. मला तास हाय.”

तिने टेबलावरचा खडू उचलला, पदराला लागलेली पांढरी भुकटी झटकली आणि पहिल्या वर्षाच्या वर्गाकडे चालू लागली.