बिशपची जेवणाची सुट्टी

"ओला मोजा!" नावरातिलबाईंनी कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर आपटले. "तोंडात ओला मोजा कोंबून गातोय तुझा नवरा."

घ्या! गेरलिंडेने घडवलेला हा सातवा माईक, आणि तोही नापास. पहिल्याला बाई 'पत्र्याचा डबा' म्हणाल्या होत्या आणि चौथ्याला 'सासूचा सुस्कारा'. व्हिएन्नात कुणी शिव्या दिल्या नाहीत की तेच कौतुक समजायचं असतं, पण बाईंनी तेवढंही पदरात पडू दिलं नव्हतं.

माईक तरी कुठला? साठ वर्षांपूर्वी इथल्याच एका कारखान्यात बनायचा तो. डोक्यावर उंच जाळीची टोपी, थेट चर्चमधल्या बड्या धर्मगुरूसारखी, म्हणून कामगार बायका त्याला 'बिशप' म्हणायच्या. पोटात जुन्या रेडिओत असतो तसा काचेचा व्हॉल्व्ह, आणि टोपीखाली पितळी चकतीवर ताणून बसवलेला, सोन्याचा मुलामा दिलेला, केसाहून पातळ पडदा. हे पडदे ताणणाऱ्या पोरींपैकी आता नावरातिलबाई तेवढ्या उरल्या होत्या. जुने पडदे तर कधीच विरून गेलेले. खरा बिशप कसा बोलायचा, ते आता फक्त त्यांच्या कानांना ठाऊक.

आणि येत्या शुक्रवारी बाईंची मुलगी त्यांना कायमची आपल्या गावी, ग्राट्सला, घेऊन जाणार होती.

"मी पार्सलने पाठवेन, तिथे ऐका," गेरलिंडे काकुळतीला येऊन म्हणाली.

"ग्राट्सला मी कान घेऊन जाणार नाहीये," बाई म्हणाल्या. "तिथे ऐकण्यासारखं आहे काय?"

गेरलिंडेला रडूच आलं. तीन वर्षं! कारखान्याच्या जुन्या नकाशातला एकेक स्क्रू तिने मोजूनमापून बसवला होता. बाई उठल्या, काठी शोधू लागल्या, तर कामाच्या टेबलावर एक घास खाऊन ठेवलेला पाव दिसला.

"हे काय गं?"

"माझं जेवण. पडदा ताणायला घेतला की मी मध्ये उठत नाही."

"येशू मारिया! जेवायलासुद्धा उठत नाहीस?" बाई अशा बघायला लागल्या, जशी काही पोरीने चोरीच कबूल केली. "अगं, आम्ही बाराच्या भोंग्याला हातातलं टाकून पळायचो! सूप, मांस, पिठाचे उकडलेले गोळे, वर तासभर चहाड्या. फोरमनची टाप नव्हती अडवायची."

"आणि पडदा?"

"पडदा काय जेवायला येतोय? तो बसायचा तिथेच ताणलेला. एक वाजता परत यावं तर मेला सैल पडलेला असायचा. मग पुन्हा आवळायचा."

म्हणजे गेरलिंडेचे सातही पडदे माईकमध्ये बसल्यावर सैल पडत होते! नकाशात सगळं होतं. जेवणाची सुट्टी तेवढी कुणी काढली नव्हती!

"बाई, हे तीन वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत मला!"

"तू विचारलंस कधी, 'बाई, तुम्ही जेवता का' म्हणून?"

गेरलिंडेला हसू फुटलं ते आवरेना. पोट धरधरून ती कपाटाला टेकली आणि तशीच खाली बसली. बाई म्हणाल्या, "उपाशी माणसाचं हे असं होतं."

दुसऱ्या दिवशी ठीक बाराला तिने आठवा पडदा ताणला आणि नवऱ्याला, ट्रामवाल्या फेर्डलला, घेऊन समोरच्या खाणावळीत गेली. वीस मिनिटांत तिचं ताट साफ. सारखी घड्याळाकडे बघायला लागली.

"बस गं खाली," फेर्डल म्हणाला. "जर्दाळूचे गोळे मागवलेत."

"पोटात जागा नाहीये रे!"

"खा. तांत्रिक काम आहे हे."

तिने खाल्ले. एक वाजता परत येऊन बघते तर काय, पडदा खरंच सैल पडलेला! तिने तिथल्या तिथे उडीच मारली आणि तो पुन्हा आवळला.

गुरुवारी बाई आल्या. व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा तास कॉफी झाली, केक झाला, ग्राट्सला लाखोली वाहून झाली. मग फेर्डल शेजारच्या खोलीत माईकसमोर उभा राहून गायला लागला आणि बाईंनी हेडफोन चढवले.

पहिलं कडवं झालं. बाईंच्या कपाळावर आठी चढली. दुसऱ्या कडव्याला नाक मुरडलं. गेरलिंडे समजून चुकली. संपलं सगळं, आठवाही गेला! बाईंनी हेडफोन ओरबाडून काढले आणि काठी न घेताच तरातरा शेजारच्या खोलीत घुसल्या.

"फेर्डल! समोरचा दात हलतोय ना तुझा? दर 'स'ला शिट्टी मारतोस! आणि भर दुपारी वाईन ढोसून आलायस, गळ्यात डुचमळतेय नुसती!"

फेर्डलचा हात झटकन तोंडावर गेला. "दाताचं कुणालाच... अहो, मी गेरलिंडेलाही सांगितलं नव्हतं!"

"पण बाई," गेरलिंडेचा आवाज चिरकला, "माईक? माईक कसा आहे?"

"कुठला माईक?" बाई अजून फेर्डलच्या तोंडात डोकावत होत्या.

मध्ये माईक आहे हेच बाई विसरल्या होत्या! गेरलिंडेने आनंदाने किंकाळीच फोडली. बाईंना उचलून तिने असं काही गरागरा फिरवलं की त्यांची चप्पल उडून कपाटावर पडली. "सोड, भवाने! बरगड्या मोडशील!" बाई ओरडल्या. मग पाय जमिनीला लागल्यावर त्या माईकसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बिशपकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. एक पाय अनवाणी, तशाच परत खुर्चीत जाऊन बसल्या आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबून धरले.

"गा रे पुन्हा," त्या म्हणाल्या. "दातासकट गा."