सुरक्षित केलेला काठ

नदीकाठ सुरक्षित करायचा म्हणून पालिकेने पायऱ्या उखडल्या आणि उंच, गुळगुळीत भिंत बांधली. तीस वर्षं बुडणाऱ्यांना बाहेर काढणारा नावाडी हा शहाणपणा पाहत होता. भिंतीच्या माथ्यावर कठडा म्हणे दुसऱ्या टप्प्यात!

उद्घाटनाला फोटोसाठी मागे सरकताना मोठे इंजिनिअरसाहेब धपकन पाण्यात पडले. नावाड्याने उडी मारून त्यांची मानगूट धरली, पण वर चढायला जागाच नव्हती. शेवटी पार पुलापलीकडच्या चिखलातून त्याने त्यांना ओढून काढलं.

साहेब खोकत म्हणाले, "तिथे पायऱ्या हव्या होत्या."

"होत्या की! तुम्हीच उखडल्यात."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली: 'पाण्यात उतरण्यास सक्त मनाई'. नावाड्याने ती वाचली आणि तो तिच्यावर पचकन थुंकला.