मैनाताईचा थंब

मैनाने पुन्हा एकदा अंगठा काचेवर दाबला. काचेखालचा लाल दिवा लुकलुकला, विझला, आणि ऑपरेटरने मान हलवली.

"थंब लागत नाही, मावशी. जरा पुसा, आणि जोर देऊन ठेवा."

तिने अंगठा पदराला पुसला. नोंदणी कार्यालयातल्या बाकावर सकाळपासून बसून तिची कंबर धरली होती. मागे दोघे भाऊ उभे होते: गावात राहणारा सदू, आणि मुंबईचा विनोद, जो शिमग्याला आला आणि या कामासाठी रजा वाढवून थांबला. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला लागून वडिलांची काजूची बाग होती. कुणी एक पार्टी तिथे रिसॉर्ट बांधणार होती, आणि बहिणीने आपला हिस्सा सोडल्याचं लिहून दिल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नव्हता. मैना सोडायला तयार होती. माहेरच्या जमिनीत वाटा मागितला की माहेर तुटतं, हे बाईच्या जातीला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

"मला सही येते," ती म्हणाली. "सातवी पास हाय मी."

"सही तर घेणारच. पण थंब आधारशी जुळायला हवा. काम काय करता?"

"काजू फोडते. कारखान्यात."

"तरीच. टरफलाच्या तेलाने रेघाच गेल्यात तुमच्या. आठ-दहा दिवस काजूला हात लावू नका, क्रीम चोळा, आणि मग या."

विनोदने कपाळावर हात मारला. "ताय, हे तुला आधी सांगता येत नव्हतं?"

सांगितलं असतं की. विचारलं कुणी होतं? रेशनच्या दुकानात तिचा थंब दर महिन्याला रुसायचा. कारखान्याच्या दारात हजेरीचं मशीन बसवलं, त्याच्याशीही त्याचं पटेना. तेल कारखान्याचं, अंगठा गेला तो कारखान्याच्या कामाने, आणि मशीन म्हणे बाई गैरहजर! शेवटी मुकादम तोंड बघून हजेरी लावायला लागला. शिकलेले, न शिकलेले, आता सगळेच अंगठेबहाद्दर झाले होते. पंचाईत होती ती फक्त राबून अंगठा झिजवलेल्यांची.

विनोदने तिला तिच्या घरी जाऊच दिलं नाही. "आता आमच्याकडेच राहायचं. काजू बंद," असं म्हणून त्याने तिला थेट माहेरी आणलं.

आणि मग मैनाचं जे काही माहेरपण झालं, ते तिच्या बाळंतपणातही झालं नव्हतं. नम्रता, सदूची बायको, तिच्या हातातून भांडी ओढून घ्यायची. "वन्सं, साबणात हात नको." पाणी तापवून द्यायची. ताट पुढ्यात आणून ठेवायची. विनोद शहरात जाऊन क्रीमची बाटली घेऊन आला, आणि संध्याकाळी पडवीत बसून स्वतः तिच्या अंगठ्याला क्रीम चोळायचा. खोटं कशाला बोला, पहिले दोन दिवस तिला बरं वाटलं. नवरा गेला तेव्हा हे दोघे बाराव्याला जेवून गेले होते, आणि पुढे दर भाऊबीजेला एक साडी. ती कारखान्यात जायला लागली, बोटं काळी पडली, साली निघाल्या, तरी हा हात कुणी हातात घेऊन बघितला नव्हता. उशिरा का होईना, भावाला आठवण झाली, असं तिने मनाशी धरलं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "रात्रभर खांदा ठणकत होता रे. बसून बसून धरलाय."

"बाम लाव," विनोद म्हणाला. "पण दुसऱ्या हाताने लाव हां. थंबाला लागायला नको."

मैना त्याच्याकडे बघत राहिली. तो मान खाली घालून अंगठा चोळत होता, मन लावून, एखादं भांडं घासावं तसा.

त्यानंतर तिला सगळंच दिसायला लागलं. सकाळी उठल्यावर सदू विचारायचा, "काय म्हणतोय थंब?" चहा झाला का, झोप लागली का, हे विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती. शेजारची सखू डोकावली तर नम्रता तिला कौतुकाने सांगायची, "आमच्या थंबाला आता रेघा फुटायला लागल्या बघ." आमच्या थंबाला! मैना बोलायला तोंड उघडायची आणि सखूला तिच्या पोराबाळांचं विचारायची. माहेरवाशिणीने भांडण काढायचं नसतं, हेही कुणी शिकवावं लागत नाही.

विनोदने अंगठ्याचा फोटो काढून पार्टीला पाठवला. लगेच उत्तर आलं. त्याने हसत फोन तिच्यापुढे धरला. "बघ, त्यांनीपण थंब पाठवला." पडद्यावर पिवळा, गुळगुळीत, एकही रेघ नसलेला अंगठा होता. त्याला कुठे कुणी अडवत नव्हतं.

शनिवारी विनोदने अंगठा उजेडात धरून नीट निरखला आणि समाधानाने मान डोलावली. मग तो अंगणात गेला. मैना पडवीतच होती. त्याचं फोनवरचं बोलणं तिला शब्द न् शब्द ऐकू आलं.

"हो साहेब, सोमवारी नक्की. एकदम रेडी आहे. सकाळी अकराला थंब घेऊन येतो."

तो आत आला तेव्हा ती उठून उभी होती.

"काय घेऊन जाणार म्हणालास?"

"कुठे?"

"सोमवारी. फोनवर म्हणालास ना."

"तुला गं. अजून कुणाला?"

"माझं नाव नाय घेतलंस. ताय पण नाय म्हणालास."

"अगं, बोलायची पद्धत असते ती," विनोद हसला. "तू पण ना! चल, टेन्शन नको घेऊ. वहिनी, सोमवारी काम झालं की ओल्या काजूगरांची उसळ पाहिजे हां. मुंबईत मिळत नाही."

रविवारी संध्याकाळी सदूने बागेतून टोपलीभर ओले काजू आणून स्वयंपाकघरात ठेवले. नम्रताने टोपली लगेच कोपऱ्यात सरकवली. "वन्सं, तुम्ही याच्या वाऱ्याला पण उभं राहू नका. चीक लागला तर सगळं मुसळ केरात."

सोमवारी उजाडता उजाडता नम्रता चूल पेटवायला आली आणि दारातच थबकली. मैना विळीवर बसली होती. काजू उभा धरायचा, पात्यावर चिरायचा, आतला गर काढून टोपात टाकायचा. चीक बाधू नये म्हणून चोळतात ते खोबरेलही हाताला लावलेलं नव्हतं. चीक बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला होता, आणि अंगठा काळा होऊन सुजायला लागला होता. टोपली जवळजवळ रिकामी झाली होती.

नम्रताच्या ओरडण्याने दोघे भाऊ धावत आले. विनोदने तिचा हात खेचून घेतला आणि अंगठा डोळ्यांपाशी नेला.

"हे काय केलंस? सगळी मेहनत वाया घालवलीस!"

"उसळ पाहिजे होती ना तुला?"

"डोकं फिरलंय का तुझं? आता परत आठ दिवस!"

"आठ दिवसांनी परत सोलीन. रत्नागिरीत काजूला काय तोटा हाय?"

सदू खाली बसला. तो हळू आवाजात म्हणाला, "ताय, तूच तर सोडते म्हणाली होतीस गो."

"म्हणाले होते. ताय म्हणून बोलावलं असतंत तर हसत सोडला असता हिस्सा. त्या अंगठ्याला बाई जोडलेली हाय, हे आठ दिवसांत एकाला तरी दिसलं काय रे?" तिचा आवाज चढला, आणि तिने तो चढू दिला. "मी सोडत नाय. सही पण देत नाय नि अंगठा पण देत नाय. सांग तुझ्या पार्टीला."

तेवढ्यात विनोदचा फोन वाजला. त्याने नाव बघितलं, बहिणीकडे बघितलं, आणि फोन घेऊन तो पडवीत गेला. मैनाने पुढचा काजू पात्यावर धरला. हाताची आग आता खांद्यापर्यंत चढली होती.

"नाही साहेब, आज नाही जमत," बाहेरून आवाज आला. तो बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "नाही, थंबाचा प्रश्न नाही. माझी बहीण... मैनाताई. ती नको म्हणतेय."

मैनाने तो काजू चिरला, गर टोपात टाकला आणि विळी मिटली.

"खोबरं किस गो नम्रता," ती म्हणाली. "आणि जरा तेलाची बाटली दे इकडे. लय झोंबतंय."