फोटोपुढची शेवंती

सरलाबाई स्वतःबद्दल नेहमी सांगायच्या, की आपण कुणाच्या बापाला भीत नाही. पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं नोकरी, साहेबांना तोंडावर सुनावण्याची ख्याती, आणि नवरा गेल्यावर मुलाला एकटीनं वाढवलं, तेव्हा बोलण्यात तथ्य होतंच. पण जर्मनीत एर्लांगेनला मुलाकडे, मल्हारकडे आल्यापासून सहा आठवड्यांत बाईंची अशी काही तंतरली होती, की कपडे धुवायला एकटीनं केलरमध्ये उतरायची सोय उरली नव्हती. केलर म्हणजे इमारतीचं तळघर. तिथला दिवा आपोआप लागायचा आणि आपोआप विझायचा. तो विझला की सरलाबाई ओले कपडे तिथेच टाकून जिना चढायच्या, तेही रामरक्षा म्हणत.

याला जबाबदार होते सेइगो उनेमोतो. वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, मुक्काम जपान.

सरलाबाईंची सून ईप्सिता पुण्यात जपानी शिकली आणि मग इथल्या विद्यापीठात या उनेमोतोंवर पीएचडी करायला लागली. "चार वर्षं नुसते सिनेमे बघायचे, आणि त्याची डॉक्टरकी?" असं सरलाबाई फोनवर मल्हारला म्हणाल्या होत्या. पण इथे आल्यावर दुपारी घरात दुसरं करायचं काय? मल्हार दिवसभर कचेरीत. त्या सुनेशेजारी सोफ्यावर बसायला लागल्या आणि बघता बघता अकराच्या अकरा सिनेमे बघून बसल्या.

त्यात भूत एकदाही दिसायचं नाही, हीच तर मेख होती. कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय, दार अर्धं उघडं आहे, आणि येणारं माणूस काही येत नाही. एवढंच. पण बघणाऱ्याला घरातल्या दाराकडे पाठ करून बसवायचं नाही.

"अहो आई, त्यांची पद्धतच तशी होती," ईप्सिता सांगायची. "भीतीचा क्षण कधी येणार ते नटांना आधी सांगायचेच नाहीत. म्हणजे चेहऱ्यावर येते ती खरी भीती."

"हा कुठला मेला दुष्टपणा!" सरलाबाई म्हणायच्या, आणि लगेच, "बरं, पुढे लाव."

ईप्सिताकडून त्यांना म्हाताऱ्याची सगळी कुंडली पाठ झाली. समुद्राकाठच्या गावात कंदील बनवणाऱ्याच्या घरी जन्म. आठव्या वर्षी बॉम्ब पडून गाव जळलं, तेव्हा हा पोरगा पाण्याच्या टाकीत रात्रभर उभा राहिला. एकोणिसाव्या वर्षी स्टुडिओत दिवे उचलायला लागला, दहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबला, आणि मग चौदा वर्षांत अकरा सिनेमे. अकराव्याच्या चित्रीकरणात हारुए नावाची नटी लाकडी मनोऱ्यावरून मागे सरता सरता पडली आणि गेली. खटला झाला. उनेमोतोंनी कोर्टात सांगितलं, माझा डोळा कॅमेऱ्याला होता, मला तो अभिनय वाटला. निर्दोष सुटले. निर्मात्यांनी सिनेमा जुळवून प्रदर्शितही केला. पण यांनी तो पाहिला नाही, बाईंच्या अंत्यविधीला गेले नाहीत, आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षं कॅमेऱ्याला हात लावला नाही.

त्या अकराव्या सिनेमाची शाबूत राहिलेली एकमेव प्रत जर्मनीत सापडली होती. त्याचा शेवट म्हणजे तोच शॉट: हातात कंदील घेतलेली हारुए मनोऱ्यावर एकेक पाऊल मागे जाते, आणि पडायच्या आधीच पडदा काळा होतो. सरलाबाईंनी तो दोनदा मागे घेऊन पाहिला होता. "काय काम करते गं ही बाई!" त्या म्हणाल्या होत्या. "डोळे बघ तिचे."

ईप्सिताच्या प्रबंधाचं घोडं याच शॉटपाशी अडलं होतं. म्हाताऱ्याला तेव्हा खरंच कळलं नव्हतं का? तीन वर्षं पत्रं लिहिल्यावर तो यायला कबूल झाला होता. रविवारी दुपारी तीन वाजता एका छोट्या थिएटरात हाच सिनेमा, आणि त्याआधी ईप्सिताला एक तास मुलाखत. अट एकच, हारुएचं नाव काढायचं नाही. मागे एकदा दुसऱ्या देशात गाडीच्या ड्रायव्हरनं ते नाव काढलं, तर हे गृहस्थ विमानतळावरूनच परत फिरले होते. डिसेंबरात ईप्सिताचं विद्यापीठातलं कंत्राट संपत होतं. मुलाखत हुकली तर चार वर्षं पाण्यात.

"आई, मी त्यांना आणायला न्यूर्नबर्गला जातेय," रविवारी सकाळी ती म्हणाली. "थिएटरच्या दाराशी त्यांचा फोटो लावलाय. काल म्हटलं तसं, तिथे जरा फुलं ठेवाल? साधीच."

साधीच! सरलाबाईंना कधी साधं जमलंय? आदल्या दिवशीच त्यांनी हेरून ठेवलं होतं, की नोव्हेंबर लागला तशी इथली दुकानं शेवंतीनं भरून वाहत होती. पांढरीशुभ्र, टपोरी, पुण्यात लग्नसराईत मिळणार नाही अशी. त्यांनी पिशव्या भरभरून आणून ठेवली होती. थिएटरात टेबलावर पांढरी चादर घातली, मधोमध उनेमोतोंचा काळ्या चौकटीतला फोटो उभा केला, पुढे शेवंतीच्या ओळींवर ओळी रचल्या आणि दोन्ही बाजूंना मेणबत्त्या लावल्या. फोटोला हार मात्र घातला नाही. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, एवढी अक्कल आपल्याला आहे, असं त्यांनी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देऊन म्हटलं. उरलेल्या फुलांची सुईदोऱ्यानं वेणी केली आणि आपल्या अंबाड्यात माळली.

मग थिएटर चालवणाऱ्या फ्राऊ बेरिंगर चाव्या वाजवत आल्या आणि टेबलासमोर खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. त्यांनी हळूच काहीतरी विचारलं. सरलाबाईंचं जर्मन म्हणजे डांके आणि गेनाऊ, म्हणजे आभार आणि अगदी बरोबर. त्यांनी हसून "गेनाऊ!" म्हटलं. बेरिंगरबाईंचा चेहरा पडला. त्यांनी छातीवर हात ठेवला, फोटोकडे बोट दाखवलं आणि पुन्हा विचारलं. या वेळी एक शब्द सरलाबाईंना ओळखीचा निघाला. फ्रीडहोफ.

तो त्यांना कसा माहीत नसेल? घराजवळच्या बसथांब्याचंच नाव होतं ते, रोज बसमध्ये ऐकू यायचं. थांब्यामागे दफनभूमी होती. आणि गेल्या आठवड्यात बसच्या खिडकीतून त्यांनी काय पाहिलं होतं? प्रत्येक थडग्यावर शेवंती. मेणबत्त्या. किती छान ठेवतात हो माणसं, असं कौतुकसुद्धा केलं होतं.

 सरलाबाईंनी ईप्सिताला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

 पलीकडून सून कुजबुजली, "पांढरी? फोटोपुढे? आई, जपानमध्येसुद्धा तेच. अंत्यविधीला असंच मांडतात, काळ्या चौकटीचा फोटो आणि पांढरी शेवंती. उचला. आत्ताच्या आत्ता सगळं उचला. आम्ही वळणावर आहोत, ते माझ्या शेजारीच बसलेत."

देवा रे! सरलाबाईंनी फोन कुठेतरी टाकला आणि फुलं कवेत भरायला लागल्या. घाईत निम्मी खाली पडली. मेणबत्त्या विझवाव्यात की फोटो आधी लपवावा, काही सुधरेना. पोरीची चार वर्षं आपण एका सकाळीत मातीत घातली. आणि म्हातारा हबकून इथेच आडवा झाला तर? परमुलखात माणूस मारल्याचं पाप. या गडबडीत बाहेर गाडीचं दार लागल्याचं त्यांना ऐकूच आलं नाही.

दार उघडलं. काठी टेकत एक वाळका, ठेंगणा म्हातारा आत आला आणि जागच्या जागी थिजला.

समोर त्याचाच फोटो, काळ्या चौकटीत. दोन मेणबत्त्या. जमिनीवर विखुरलेली पांढरी फुलं. आणि कवेत तीच फुलं घेतलेली, डोळे विस्फारलेली, नऊवारी नेसलेली अनोळखी बाई.

काठी हातातून सुटली. रंग उतरला.  त्याचा एक पाय मागे गेला, मग दुसरा. मागे तीन पायऱ्या होत्या.

"अगं पकड त्यांना!" सरलाबाई किंचाळल्या. ईप्सितानं मागून त्यांना दोन्ही हातांनी धरलं.

मग सरलाबाईंनी जे सुचलं ते केलं. फुलं टाकून दिली, सरळ पाठ फिरवली आणि अंबाड्यावर बोट ठेवलं. "हे बघा! हे बघा हो! आमच्यात डोक्यात माळतात ही. सणाला, लग्नाला. मेलेल्या माणसासाठी नाही हो, देवाशपथ नाही! पाहुणे येणार म्हणून मांडली होती." बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. ईप्सिता भराभर सगळं जपानीत सांगत होती.

म्हाताऱ्यानं त्या वेणीकडे बराच वेळ पाहिलं. बेरिंगरबाईंनी खुर्ची आणली. तो बसला, पाणी प्यायला, आणि सरलाबाईंकडे बघून काहीतरी विचारलं.

"ते विचारतायत," ईप्सिता म्हणाली, "मी घाबरेन हे तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही हो! माहीत असतं तर फुलाला हात तरी लावला असता का?"

ईप्सितानं ते सांगितलं. उनेमोतोंनी मान हलवली. समोरच्या भिंतीवर सिनेमाचं पोस्टर होतं, कंदील घेतलेल्या हारुएचं. त्याच्याकडे बघत ते पुन्हा बोलले, इतकं हळू, की ईप्सिताला खाली वाकावं लागलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा पांढरा पडला.

"काय म्हणतायत?" सरलाबाईंनी विचारलं.

"म्हणतायत, मला माहीत होतं."

ईप्सिताचा हात पर्समधल्या रेकॉर्डरवर गेला आणि तिथेच थांबला. अट तिला आठवली असणार. पण म्हाताऱ्यानंच बोटानं खूण केली. चालू कर, पुन्हा सांगायची हिंमत व्हायची नाही.

मग त्यांनी सांगितलं. त्या सकाळी हारुए त्यांच्याकडे आली होती. मला उंचीची भीती वाटते, म्हणाली, वर काय होणार आहे तेवढं आधी सांगा, मी कुणाला बोलणार नाही. ते म्हणाले, काहीसुद्धा होणार नाही, तू फक्त उभी राहा. मग अंधारात एका माणसाला तिच्यासमोर आणून उभं केलं. ती मागे सरायला लागली. मागे कठडा नव्हता, हे कॅमेऱ्यातून स्वच्छ दिसत होतं. ती अभिनय करत नाहीये हेही दिसत होतं. नुसतं कट म्हटलं असतं तरी ती थांबली असती, शिस्तीची बाई होती.

"मग म्हटलं का नाही?" सरलाबाईंच्या तोंडून निघून गेलं. ईप्सितानं घाबरत घाबरत त्याचं जपानी केलं.

"शॉट फार छान चालला होता," ते म्हणाले.

सरलाबाईंना आठवलं. काय काम करते गं ही बाई! आपणच म्हणालो होतो. दोनदा मागे घेऊन पाहिलं होतं. त्यांना त्या म्हाताऱ्याचा राग आला, आणि स्वतःचीही तेवढीच शरम वाटली.

तो उठायची धडपड करत होता, फुलांकडे हात करून. सरलाबाईंनी जमिनीवरची सगळी शेवंती गोळा केली, मेणबत्त्या उचलल्या आणि पोस्टरखाली मांडून दिल्या. आता ती योग्य जागी होती. उनेमोतो पोस्टरसमोर कमरेत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

तीन वाजता लोक आले, दिवे मंदावले. ईप्सितानं विचारलं, हॉटेलवर सोडू का? ते नको म्हणाले. पहिल्या रांगेत बसले, एका बाजूला ईप्सिता, दुसऱ्या बाजूला सरलाबाई. सरलाबाईंना तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण म्हाताऱ्यानं त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं आणि त्याचा हात बर्फासारखा गार होता.

शेवटचा शॉट आला. हारुए कंदील धरून मनोऱ्यावर उभी. तिच्या डोळ्यांत काहीतरी बदललं. पाऊल मागे पडलं.

"कट," म्हातारा म्हणाला.

सरलाबाईंना वाटलं भास झाला. पडद्यावर दुसरं पाऊल मागे पडलं. मनगटावरची बोटं रुतली. "कट," तो पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्यानं. मागच्या रांगांतली कुजबुज थांबली. तो कापत कापत उठून उभा राहिला आणि त्याची सावली पडद्यावर बाईच्या पायाशी पडली.

"कट! कट! कट!"

हारुए एकेक पाऊल मागे जातच राहिली.