अळिंबीची बरणी

कॉलेजच्या नमुन्यांच्या खोलीला खिडकी होती, पण तिच्यापुढे कपाट उभं. फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे नुसते चुरचुरायचे. या खोलीत वडिलांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर खोली लेकीकडे आली, पण म्हातारा सुटतोय कुठला? रोज लेकीबरोबर डबा घेऊन हजर.

लेकीला दूरच्या गावी संशोधन केंद्रात नोकरी मिळाली होती. प्राचार्यांची अट एकच होती: नमुने नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे पाच सृष्टींत लावा, तपासणी पार पाडा, मग सुटा. वडिलांच्या काळात सरळ दोनच भाग होते, झाडं आणि प्राणी. बुरशी, अळिंबी, सगळी झाडांच्या कपाटात कोंबलेली.

तिने कवकांना, म्हणजे या बुरशी-अळिंब्यांना, वेगळं कपाट दिलं. पण ती तासाला गेली रे गेली, की अळिंबीची बरणी परत झाडांच्या कपाटात, नेच्यांच्या शेजारी. तपासनीस दोनदा आले आणि दोनदा नापासाचा शेरा मारून गेले.

"बाबा, अळिंबी झाड नाही हो. तिला स्वतःचं अन्न करता येत नाही."

"जमिनीतून उगवते ना? मग झाडच."

तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण जुन्या माणसाला नवं पचत नाही, त्याला बोलून काय उपयोग, असं म्हणून ती पुन्हा बरण्या उचलायची.

उद्या शेवटची तपासणी होती. ती हुकली तर केंद्रातली जागा दुसऱ्याला जाणार होती. तास संपवून ती आली आणि दारातच थबकली. आत एक विद्यार्थिनी वडिलांना विचारत होती, "सर, अळिंबी झाडांत का नाही धरत?"

"अगं, पेशीची भिंत बघ. झाडांची सेल्युलोजची, हिची कायटिनची. कुजक्यावर जगते ती. हिला झाडांत घालेल तो शुद्ध गाढव."

मुलगी गेली. म्हाताऱ्याने बरणी उचलली आणि झाडांच्या कपाटाकडे निघाला.

"बाबा, तुम्हाला सगळं ठाऊक आहे."

ते चपापले, पण बरणी काही सोडली नाही. "सगळं जागच्या जागी लागलं, की तू जाणार."

"मी दर रविवारी येईन ना."

"रविवारी कॉलेज बंद असतं," ते म्हणाले.

तिला रडू आलं आणि रागही आला, त्यांचा आणि स्वतःचाही. बरणी काढून घेऊन ती कवकांच्या कपाटापाशी गेली. दार उघडायला हात काही पुढे होईना.